बावीस घरांचं गाव

आमच्या घरमालकांना कुणी पोर्तुगीज म्हटलं, की ते त्या माणसाशी निदान महिनाभर बोलत नसत. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये हे फार अवघड होतं. तिथे पोर्तुगीज बेकऱ्या, पोर्तुगीज क्लब, पोर्तुगीज चर्च. बुटका, रापलेला, टोपी घातलेला म्हातारा दिसला की बँकेतली मुलगीसुद्धा हसून त्याला पोर्तुगीजमध्ये नमस्कार करायची. मग ती बँक बंद. कधीकधी अशी वेळ यायची, की अख्ख्या रस्त्यावर त्यांच्याशी बोलण्याजोगे फक्त आम्हीच उरायचो. आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायचो.

ते स्पेनचे होते. तेही नुसतं स्पेन म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. स्पेन म्हणजे समुद्र, नाच, बैल असं लोकांना वाटतं, आणि त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कॅनडाला यायच्या बोटीत चढताना. ते सोरिया प्रांताच्या वरच्या डोंगराळ पट्ट्यातले. तिथे ना संत्री, ना ऑलिव्ह. उघडे डोंगर, मेंढ्या आणि वारा. "वारा पीक असता," ते म्हणत, "तर आम्ही राजे."

माझ्या मुलीला, मुक्ताला, त्यांनी स्पॅनिशमधला आजोबांसाठीचा शब्द शिकवला, 'आबुएलो'. ती तेव्हा दोन वर्षांची. तिने त्याचं 'आबा' केलं. त्या दिवसापासून आमच्याकडे ते आबाच झाले.

आम्ही त्यांच्याकडे घर बघायला गेलो ते दोन हजार चारच्या जानेवारीत. मंदारला, माझ्या नवऱ्याला, तिथल्या मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि आम्ही टोरोंटोत त्याच्या मित्राच्या काँडोत हॉलमध्ये गाद्या टाकून राहत होतो. जो तो घरमालक क्रेडिट हिस्टरी मागायचा. देशात येऊन चार महिने झालेल्या माणसाची कसली हिस्टरी? आबांनी तसलं काही विचारलं नाही. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, मंदारकडे पाहिलं आणि म्हणाले,

"तुझं गाव किती घरांचं?"

"मी पुण्याचा," मंदार म्हणाला.

"ते शहर. शहरात माणूस राहतो. शहराचा नसतो." मग माझ्याकडे वळून, "तुझं?"

मला गाव नाही. वडील रेल्वेत, दर तीन वर्षांनी बदली, माझं सगळं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं, शेवटी नागपूर. पण मुक्ता माझ्या खांद्यावर झोपली होती आणि बाहेर उणे बावीस होतं. वडील ज्या एका छोट्या स्टेशनावर दोन वर्षं होते, त्याच्या पलीकडे एक वस्ती होती. मी तिथे फार तर चारदा गेले असेन. मी म्हटलं, "चाळीस."

"नदी?"

"आहे."

"आमचं बावीस," आबा म्हणाले, आणि किल्ली काढून दिली.

त्यांचं इंग्रजी फाउंड्रीत शिकलेलं होतं. तीस वर्षं त्यांनी तिथे काम केलं, आणि त्या इंग्रजीत भूतकाळ नव्हता. भविष्यकाळही नव्हता. सगळं 'आहे' आणि 'करतो'. "माझी बायको सूप करते, मीठ कमी असतं," असं ते म्हणत, आणि त्यांची बायको आम्ही यायच्या सहा वर्षं आधीच गेली होती. ती इथलीच, स्कॉटिश घराण्यातली. भूतकाळच नसल्यामुळे गावाबद्दल ते बोलत, तेव्हा मला वाटे की डोंगरावर तिथे आत्ता या क्षणी सगळं चाललेलं आहे.

"ऑक्टोबरमध्ये पुरुष मेंढ्या घेऊन खाली दक्षिणेला जातात. महिनाभर चालतात. थंडी तिकडे कमी आहे. जूनमध्ये परत येतात. सगळा हिवाळा गाव बायकांचं आहे. भांडण कमी."

मी म्हटलं, आमच्याकडे धनगर असंच करतात. त्यांनी लगेच खुर्ची पुढे ओढली. किती दिवस चालतात, कुत्री कुठली, रात्री मेंढ्यांना कुंपण कशाचं करतात? मला काय ठाऊक? मी रुळांच्या पलीकडून जाणारे कळप पाहिले होते, तेवढंच. पण मी ठोकून दिलं. एकदा चाळीस घरं सांगितल्यावर धनगरांची कुत्री काय अवघड होती!

"आणि आमच्या गावात," ते डोळे बारीक करून म्हणाले, "सगळ्यांचे वाढदिवस मार्चमध्ये आहेत. हिशोब कर." मला हिशोब कळायला वेळ लागला. कळल्यावर मी इतकी हसले की मुक्ता घाबरून रडायला लागली. त्यांचा स्वतःचा वाढदिवसही मार्चमधला.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. जुने विंटर टायर कापून ते चपला करत. आमच्याकडे बाजारात टायरच्या वहाणा मिळत तशाच, पण पट्टे घोट्यावर बांधायचे. आत जाड लोकरीचे मोजे घालून ते त्याच चपलांवर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला निघत. शेजारच्या बाई पहिल्या वर्षी त्यांच्यासाठी काळजीने बूट घेऊन आल्या होत्या म्हणे. आबांनी ते बूट घेतले, आणि त्यांच्यात पुदिना लावला.

रस्ते त्यांना नावांनी कळत नसत. म्हणजे वाचता येत, पण ते ती नावं वापरत नसत. ग्रोसरीचं दुकान म्हणजे 'झरा'. चर्चकडचा चढ म्हणजे 'खळ्याची वाट'. नदीवरचा पूल म्हणजे 'आत्याचं घर', कारण गावात त्या अंतरावर आत्याचं घर होतं. "मुलीला घेऊन आत्यापर्यंत जाऊन येतो," म्हणून ते मुक्ताला पुलावर न्यायचे आणि ग्रँड नदीवर घिरट्या घालणारी गिधाडं दाखवायचे. इथली गिधाडं त्यांच्या दृष्टीने गरीब नातेवाईक होती. "आमची दुप्पट आहेत. सावली पडते तेव्हा कोंबड्या आत जातात."

एकदा मुक्ताने शाळेत सांगितलं, की माझ्या आबांच्या गावात डायनोसॉर आहे. शिक्षिकेने मला थांबवून हसत विचारलं. मी घरी येऊन आबांना म्हटलं, लहान मुलांना काहीही काय सांगता? ते रागावले. "डायनोसॉर नाही. पाय. दगडात पाय आहे. तीन बोटांचा. माझी आजी म्हणते, संताचा घोडा आहे. घोड्याला तीन बोटं असतात का? पण आजीशी कोण भांडतो." मी मान हलवली, आणि मनात म्हटलं, म्हातारा गोड आहे पण थापाड्या आहे. थापांविषयी बोलण्याचा मला काय अधिकार होता, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

शिळ्या पावाचा त्यांचा एक पदार्थ होता, 'मिगास'. पाव कुस्करायचा, पाणी शिंपडून ठेवायचा आणि भरपूर लसणावर, लाल तिखटावर परतायचा. मेंढपाळांचं खाणं. एका रविवारी मी शिळ्या पोळ्यांचा कुस्करा फोडणीला टाकला, आणि लसणाचा वास जिन्याने वर गेला. दोन मिनिटांत दारावर थाप. आबा हातात स्वतःची ताटली घेऊन उभे. खाल्लं, आणि म्हणाले, "तुझ्या गावात मेंढपाळ नक्की आहेत."

त्यांचा मुलगा एडमंटनला असतो, तेलाच्या कंपनीत इंजिनियर. दोन हजार सहाच्या थँक्सगिव्हिंगला तो आला, तेव्हा खाली आमच्याकडे कॉफीला बसला. उंच, आईवर गेलेला, स्पॅनिश येत नाही. माणूस चांगला. मी त्याला सहज विचारलं, तू कधी गेलास की नाही आबांच्या गावी?

"कुठे जाणार?" तो म्हणाला. "तिथे काहीच नाहीये. सिक्स्टीजपासून तिथे एक माणूस राहत नाही. छपरं पडलीयत. मी लहान असताना डॅडला म्हटलं होतं, की यू आर फ्रॉम नोव्हेअर. तेव्हापासून त्यांनी माझ्यापाशी गावाचा विषय काढला नाही. आठ वर्षांचा होतो मी."

तो गेल्यावर मी वर गेले. आबा टेबलाशी पाव कुस्करत बसले होते.

"तुमच्या गावात कुणी राहत नाही?"

"बावीस घरं आहेत."

"पण माणसं?"

"मी तुला माणसं कधी सांगतो? मी घरं सांगतो."

ते कुस्करत राहिले. मला एकदम लाज वाटली, त्यांची नाही, माझी. मी म्हटलं, आबा, मलाही गाव नाही. मी खोटं बोलले. चाळीस घरं, नदी, धनगरांची कुत्री, सगळं खोटं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "गावचा माणूस चाळीस म्हणत नाही. तो एकोणचाळीस म्हणतो. नाहीतर एक्केचाळीस."

"मग घर का दिलंत?"

"पोरगी झोपलेली आहे," ते म्हणाले. त्यांच्या इंग्रजीत ती अजून तशीच माझ्या खांद्यावर झोपलेली होती.

त्यानंतर ते मला गाव शिकवायला लागले. मला गाव नाही हे कळल्यावर जणू त्यांच्यावर जबाबदारीच आली. रोज संध्याकाळी एक घर. पहिलं घर लोहाराचं, दाराशी पाण्याचा दगडी हौद. दुसरं दोन बहिणींचं, एकमेकींशी न बोलणाऱ्या. सातव्या घराला दोन उंबरे, कारण बाप वारल्यावर भावांनी दार वाटून घेतलं. भिंती नुसत्या दगडांच्या, चुना नाही, माती नाही. जूनमध्ये डोंगर पिवळ्या झुडुपांनी पेटतो, आणि मेंढ्या परत येतात तेव्हा त्यांच्या खुरांखाली रानओवा चिरडून सगळ्या गावाला वास येतो. झाड असं नाहीच. एक चर्चपाशी, एल्मचं, आणि त्याखाली सभा. "झाड नाही म्हणून दूरवर दिसतं," आबा म्हणत. "माझी आई दारात उभी राहते आणि बापाचा कळप दोन दिवस आधी बघते. धूळ बघते." मी एक-दोन वर्षांत बावीसच्या बावीस घरं ओळीने म्हणू शकत होते. मंदार थट्टा करायचा, की तुला स्वतःच्या मावशांची नावं आठवत नाहीत.

वसंतात ते पंधरा दिवस गायब होत. जवळच्या वॉटर्लू शहराच्या पुढे एका मेनोनाइट, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या, शेतकऱ्याकडे मेंढ्या व्यायच्या, तेव्हा हे मदतीला जात. तो शेतकरी घोडागाडीतून फिरणारा, मोजकं बोलणारा, आणि हे असे. एकदा मी त्यांना आणायला गेले, तेव्हा दोघं गोठ्यात गवतावर बसले होते, आबांच्या मांडीवर ओलं कोकरू. मी विचारलं, तुम्ही दोघं बोलता काय? आबा म्हणाले, "तो देवाबद्दल बोलत नाही, मी गावाबद्दल बोलत नाही. छान आहे."

दोन हजार दहाच्या मे महिन्यात मंदारच्या कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी स्पेनमधल्या झारागोझाला पाठवायचं ठरवलं. मी आणि मुक्ता बरोबर जाणार होतो. नकाशा पाहिला, तर सोरियाचे डोंगर तिथून गाडीने अडीच-तीन तासांवर. मी धावत वर गेले. आबा ड्राइव्हवेत टायर कापत बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि ते सुरी चालवत राहिले.

"तुमच्यासाठी काय आणू?" मी विचारलं.

"काही नको."

मग मान वर न करता त्यांनी मला सांगितलं. वनखात्याला डोंगरावर पाइन लावायचे होते. पण कुरणं सगळ्या गावाची सामाईक, एकट्याने विकता येत नसत, आणि गाव वर्षभर अडून राहिलं होतं. एका सकाळी अधिकारी शाळेत टेबल टाकून बसले. कुणी उठेना. पहिला उठला तो मी, आबा म्हणाले. पहिली सही माझी. मला बाहेर जायचं होतं, जग बघायचं होतं. एकाने केली म्हणून दुसऱ्याने केली. संध्याकाळपर्यंत बावीस घरं संपली. थोरला भाऊ सगळ्यांत शेवटी उठला. त्याने सही केली, आणि त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आई खालच्या गावात भावाकडे गेली. मी कॅनडाला आलो.

हे सगळं अर्थात त्यांनी वर्तमानकाळात सांगितलं. "मी उठतो. मी पेन घेतो."

"भाऊ आहे?" मी विचारलं.

"आहे. खालच्या गावात. त्याची नात शाळेत शिकवते. तिला इंग्रजी येतं." त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्याला विचार. मी येतो, चालतं का. एवढंच विचार."

आम्ही जूनमध्ये गेलो. आधी सपाट, तापलेला मुलूख लागला, मग रस्ता चढायला लागला आणि गावं लहान होत गेली. खिडक्या बंद, चौकात एखादी म्हातारी, चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं. मग तीही संपली. उघडे, करडे डोंगर आले, त्यांच्यावर पिवळी झुडपं पेटलेली. मी काच खाली केली, आणि रानओव्याचा वास आला. मी जन्मात तिथे गेले नव्हते. पण मला रडू फुटलं, आणि मंदारने काही न विचारता गाडी बाजूला घेतली.

थोरले भाऊ खालच्या गावात भेटले, ब्याऐंशीचे. आबांसारखेच, फक्त वाळलेले. कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे नात त्यांच्या कानाशी ओरडून बोलायची. त्यांनी माझा प्रश्न तिच्याकडून ऐकला. "आधी वर जाऊ," म्हणाले.

शेवटचे चार किलोमीटर चालत जावं लागलं, आणि सगळी वाट पाइनच्या जंगलातून. वहीतल्या रेघांसारखे एका ओळीत लावलेले, चाळीसेक वर्षांचे उंच पाइन. खाली काळोख, सुयांचा थर, पाखरू नाही. आबांनी मला जो डोंगर शिकवला होता, तिथून दोन दिवसांच्या अंतरावरची धूळ दिसायची. इथे वीस पावलांवरचं दिसेना. गाव त्या जंगलात बुडालेलं होतं. छपरं आत कोसळलेली, भिंती कमरेएवढ्या, दारांतून खाजखुजलीसारखं काहीतरी माजलेलं. चर्चचा मनोरा अर्धा. एल्मचा नुसता बुंधा. तिकडची सगळी एल्मची झाडं रोगाने गेली म्हणे. मी लोहाराचं घर शोधलं. हौद सापडला. दुसरं घर सापडलं. सातव्याचे दोन उंबरे होते. पुढे मात्र सगळा एकच ढिगारा होता.

गावाखालच्या खडकावर म्हाताऱ्यांनी काठीने माती सारली. तीन बोटांचं पाऊल. मग दुसरं, मग तिसरं, चढावर गेलेलं. मुक्ताने त्यात आपला पाय ठेवून पाहिला. "आय टोल्ड माय टीचर," ती म्हणाली.

चर्चच्या भिंतीला टेकून थोरले भाऊ बसले आणि तेव्हा बोलले. नात सांगत गेली. "ते म्हणतात, त्याला सांग, त्या दिवशी मी खिशात हात घालून पेन धरून बसलो होतो. त्याच्या आधी उठायचं माझ्या मनात होतं. तो उठला, म्हणून मला शेवटी उठता आलं. चव्वेचाळीस वर्षं लोकांनी त्याला शिव्या दिल्या आणि मला मान दिला. मी काही बोललो नाही. मला राग त्याचा नव्हता. त्याला सांग, ये."

परत आल्यावर मी आबांच्या स्वयंपाकघरात बसून हे शब्दन् शब्द सांगितलं. पेनचं त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग उठून त्यांनी एक स्वच्छ बशी पुन्हा धुतली.

"फोटो दाखवू?" मी कॅमेरा काढला.

"नको. मी जातो आहे ना आता."

इथे मी बोलायला हवं होतं. आबा, तिथे पाइन आहेत, असं एक वाक्य. पेनची गोष्ट मी तीनदा सांगितली, पाइनची एकदाही नाही. चव्वेचाळीस वर्षांत त्यांचा चेहरा कधी इतका मोकळा दिसला नसेल, आणि तो तसाच राहावा असं मला वाटलं. त्यांनी तिथे पाइन लावले जाणार हे माहीत असूनच सही केली होती, हे खरं. पण झाडं वाढतात, हे त्यांनी मनात कधी येऊ दिलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये ते महिन्याभरासाठी गेले. मी त्यांना टोरोंटोच्या विमानतळावर सोडलं. दहाव्या दिवशी सकाळी टॅक्सी दाराशी थांबली, आणि आबा बॅग घेऊन उतरले.

काय झालं ते मला नातीच्या ईमेलवरून कळलं. भाऊ भेटले, दोघांनी एकमेकांचे दंड धरले, जेवले, हसले. दुसऱ्या दिवशी वर गेले. जंगल सुरू झालं तिथे आबा थांबले आणि म्हणाले, वाट चुकली. भाऊ म्हणाले, हीच. वर पोचल्यावर त्यांनी घरं म्हणायला सुरुवात केली, दाराशी उभं राहून एकेक. अकरापर्यंत आले. बारावं कुठलं, ते त्यांना सांगता येईना. भावाने एक नाव सांगितलं. आबा म्हणाले, नाही. दोघं भांडले. मग भाऊ म्हणाले, आणि बावीस कुठून आणलीस, शेवटची तीन आपण लहान असतानाच पडली होती. आबा खाली बसले. त्यानंतर ते पुन्हा वर गेले, ते फक्त एकदा, भावाबरोबर स्मशानात.

माझ्याशी ते त्या विषयावर एकदाच बोलले. मी चहा घेऊन गेले होते.

"पाइनचा वास येतो," ते म्हणाले. "आमच्या गावाला पाइनचा वास नव्हता."

नव्हता. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा भूतकाळ ऐकला, आणि तो मी त्यांना आणून दिला होता. मी माफी मागितली. पाइनचं आधी सांगायला हवं होतं, म्हटलं. त्यांनी मला चहात साखर जास्त आहे असं सांगितलं.

ग्रोसरीचं दुकान त्यानंतर ग्रोसरीचं दुकानच झालं. ते नदीवर जाईनासे झाले. बँकेतल्या मुलीने पोर्तुगीजमध्ये नमस्कार केला तर मान हलवत. मंदार म्हणायचा, तू फक्त निरोप पोचवलास. ते खरं आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही. ज्या गावात आता त्यांना जाता येत नव्हतं, ते माझ्यापाशी मात्र शाबूत होतं, बावीसच्या बावीस घरं, दारांसकट. पण ते मागायला ते कधी आले नाहीत, आणि मीही होऊन कधी काढलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही शेजारच्या किचनरला घर घेतलं. दर रविवारी मी जात असे. ते बारीक होत गेले. दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत, ऐंशी पूर्ण व्हायला तीन आठवडे असताना, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

अंत्ययात्रेला आम्ही नऊ माणसं होतो. तो मेनोनाइट शेतकरी बायकोसह आला होता, काळी टोपी हातात धरून. मुलगा एडमंटनहून आला. त्याने वडिलांना केंब्रिजमधल्याच गॉल्टच्या स्मशानात आईशेजारी ठेवलं. मग मला म्हणाला, स्पेनमध्ये तू कळवशील का? मला बोलता येणार नाही.

मी त्याच्याच समोर, आबांच्या स्वयंपाकघरातून फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. नातीने उचलला. मी सांगितलं, आणि तिचं ओरडणं ऐकू आलं, म्हाताऱ्यांच्या कानाशी.  मग त्यांचा आवाज.

"ते विचारतात, कुठे ठेवलंत?"

"इथेच," मी म्हटलं. "बायकोच्या शेजारी."

तिने ते ओरडून सांगितलं. 

"गावच्या स्मशानात पणजीच्या शेजारी एक जागा आहे," ती म्हणाली. "धाकटे आजोबा आले होते तेव्हा आजोबांनी ती साफ करून त्यांना दाखवली होती. धाकटा आईपाशी हवा, म्हणून. ते तिथे आडवे होऊन बघत होते, पुरते का."

"काही म्हणाले का ते तेव्हा?"

"म्हणाले, पुरते."

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. पलीकडे म्हातारे पुन्हा काहीतरी बोलले, दोन-तीनच शब्द, आणि नात लगेच ते मला सांगेना. 

"ते म्हणतात," ती शेवटी म्हणाली, "मग मला तिथे ठेवा. आईची कूस रिकामी नको."